ज्या वर्षी पाडवाच आला नाही : एका दुचाकी वितरकाच्या डेट टेबलचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रात दुचाकी विकणारा एक कौटुंबिक व्यवसाय. सहा शोरूम, त्यांतली दोन जिल्ह्याच्या गावात आणि चार तालुक्यांना. ओळख पटू नये म्हणून गावं आणि गाड्यांची कंपनी सांगत नाही, विक्रीचे आकडेही ढोबळच ठेवले आहेत. तारखा मात्र खऱ्या आहेत, कारण सगळं प्रकरणच तारखांचं आहे. डेट टेबल म्हणजे दिवसाला एक ओळ अशी तारखांची यादी; अहवालातली महिन्याची, वर्षाची तुलना तिच्यावर उभी असते.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. हिशेब विभाग एक मॅडम बघतात. वीस वर्षांचा अनुभव, टॅली तोंडपाठ. आणि विक्री विभागातला एक तरुण, ज्यानं स्वतः व्हिडिओ बघून पॉवर बीआय (आकड्यांचे तक्ते-आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) शिकून घेतलं आणि २०२३ च्या पावसाळ्यात अण्णांना पहिला डॅशबोर्ड करून दिला. त्याआधी दर महिन्याला सहा एक्सेल फाइली जोडून अहवाल व्हायचा आणि तो हातात पडेपर्यंत पुढच्या महिन्याची दहा तारीख उजाडायची. त्या मुलानं ते काम सकाळच्या चहापर्यंत आणून ठेवलं. पुढे जे चुकलं ते वाचताना हे विसरू नये.

आता धंद्याबद्दल थोडं. एका दुचाकीला निदान चार तारखा असतात: बुकिंगची, बिलाची, पासिंगची आणि डिलिव्हरीची. आधी बिल होतं, मग आरटीओचं पासिंग आणि नंबरप्लेट, आणि मग गिऱ्हाईक मुहूर्त बघून गाडी घरी नेतं. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी आणि दिवाळी पाडवा या दिवशी शोरूमबाहेर हार, नारळ, लिंबं घेऊन रांग लागते. पितृपक्षात बुकिंग होतं, पण डिलिव्हरी जवळजवळ थांबते. म्हणजे बिल एका तारखेला आणि गाडी दारात दुसऱ्याच तारखेला. हिशेब विभागासाठी बिलाची तारीख म्हणजे विक्री, शोरूमसाठी डिलिव्हरीची. दोघांचंही बरोबर.

अडचण

एप्रिल २०२४ चा तिसरा आठवडा. वर्षअखेरच्या बैठकीत डॅशबोर्ड भिंतीवर लावलेला. मार्च २०२४ ची विक्री मार्च २०२३ पेक्षा जवळपास चौथाईनं खाली. सहाही शोरूम लाल, पण तालुक्याचं एक शोरूम इतकं खाली की तिथल्या व्यवस्थापकाचा मार्चचा इन्सेंटिव्ह अण्णांनी तिथल्या तिथे थांबवला. व्यवस्थापक म्हणत होता, "अण्णा, माझ्याकडं पाडव्याला पाय ठेवायला जागा नव्हती." ते कोणाच्या कानात शिरलं नाही. भिंतीवर आकडा होता ना.

त्याच बैठकीत मॅडमनी दुसरी गोष्ट दाखवली. डॅशबोर्डवरचा 'वर्ष आजवर' हा आकडा टॅलीशी जुळत नव्हता, आणि फरक किरकोळ नव्हता. एक जानेवारीला तो आकडा शून्यावर गेल्याचं त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. कोणी विचारलं नाही, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

मला बोलावणं आलं ते "आकडे दुरुस्त करून द्या" एवढ्यासाठीच.

तपासात काय निघालं

तीन वेगळे दोष एकमेकांवर बसले होते. ते एकाच आकड्यात मिसळल्यामुळे कुठलाच नजरेत येत नव्हता.

पहिला दोष सगळ्यात साधा. पॉवर बीआय स्वतःहून प्रत्येक तारखेच्या स्तंभामागे एक छुपं तारखांचं टेबल बनवतं. 'ऑटो डेट-टाइम' नावाची ती सोय मुळात चालूच असते. तिचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपलं वर्ष १ एप्रिलला सुरू होऊन ३१ मार्चला संपतं, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे 'वर्ष आजवर' म्हणजे जानेवारीपासून, आणि पहिली तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च. मॅडमच्या लेखी ती चौथी. शिवाय मॉडेलमध्ये, म्हणजे डॅशबोर्डमागच्या जोडलेल्या टेबलांत, तारखांचे स्तंभ भरपूर होते: चार व्यवहाराच्या तारखा, ग्राहकाची जन्मतारीख, विमा संपण्याची तारीख, पासिंग संपण्याची तारीख. छुपं टेबल प्रत्येकासाठी वेगळं, आणि त्या स्तंभातल्या सगळ्यात जुन्या वर्षापासून सगळ्यात नव्या वर्षापर्यंत. एखाद्या आजोबांच्या जन्मतारखेमुळे १९४० च्या दशकापासूनचे सगळे दिवस फाइलमध्ये येऊन बसले होते.

दुसरा दोष सापडला तो योगायोगानं. तारखेचा तक्ता पुढे सरकवत गेलं तर सप्टेंबर २०२४ मध्ये विक्री दिसत होती. बैठक एप्रिलची! एकाच शोरूमची, ४ सप्टेंबरला, आणि आकडा भरघोस. त्या शोरूमला हिवाळ्यात नवा लॅपटॉप मिळाला होता. त्याची प्रादेशिक मांडणी अमेरिकी, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. तिथून निघणारी सीएसव्ही (साध्या मजकुरातली) फाइल ९ एप्रिलला ०४/०९/२०२४ असं लिहायची आणि आपली डॅशबोर्डची फाइल ते ४ सप्टेंबर असं वाचायची. ९ एप्रिल २०२४, मंगळवार, गुढीपाडवा. व्यवस्थापक म्हणत होता ती पाय ठेवायला जागा नसलेली गर्दी सप्टेंबरात जाऊन उभी होती.

हे इथंच थांबत नाही. तारखेत दिवस बारापर्यंत असेल तर ती निमूट उलटते. तेरा किंवा पुढचा असेल तर तेरावा महिनाच नसल्यामुळे त्रुटी येते. त्रुटी दिसल्या तेव्हा 'त्रुटींच्या जागी रिकामं ठेवा' हे बटण दाबलं गेलं होतं. त्यामुळे त्या शोरूमचे १३ ते ३१ मार्च हे दिवस विनातारखेचे झाले आणि चित्रातून गळाले. मार्च २०२३ मध्ये जुना लॅपटॉप होता, तेव्हाच्या तारखा ठीक. म्हणून ते शोरूम बाकीच्यांपेक्षा इतकं जास्त कोसळलेलं दिसत होतं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महाग पडलेली क्लिक तीच. चुकीची तारीख आरडाओरडा करत होती, तिच्या तोंडावर हात ठेवला गेला.

हे दोन्ही दोष काढल्यावर ते शोरूम इतरांच्या रांगेत आलं. पण सहाही शोरूम मार्चमध्ये खालीच राहिले. तिसरा दोष संगणकाचा नव्हताच.

२०२३ मध्ये गुढीपाडवा २२ मार्चला होता. २०२४ मध्ये ९ एप्रिलला. मार्चची मार्चशी तुलना म्हणजे पाडवा असलेल्या महिन्याची पाडवा नसलेल्या महिन्याशी तुलना. हे बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. घरी गुढी उभारणारी माणसं ती. तरीही भिंतीवरच्या लाल बाणापुढे कोणाला सुचलं नाही. अण्णा नंतर म्हणाले, "हाताला कळत होतं ओ, पण डोळ्याला दिसलं ते खरं वाटलं."

कागद घेऊन बसलो तेव्हा आणखी मोठी गंमत निघाली. २०२२ चा पाडवा २ एप्रिलला होता. म्हणजे २०२२-२३ या आर्थिक वर्षात दोन पाडवे: २ एप्रिल २०२२ आणि २२ मार्च २०२३. आणि २०२३-२४ मध्ये? एकही नाही. आख्खं आर्थिक वर्ष बिनपाडव्याचं गेलं आणि वार्षिक अहवालात 'घट' म्हणून नोंदलं जाणार होतं.

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. मग अधिक मास पडतो आणि सण एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जातात. २०२३ मध्ये १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण होता. गाडीखरेदीच्या सणांत मार्चच्या शेवटच्या दिवसाच्या अलीकडे-पलीकडे डोलणारा एकच, गुढीपाडवा, आणि आपली वर्षअखेरही नेमकी तिथेच.

कोणते पर्याय समोर होते

अण्णांच्या मुलाचं म्हणणं होतं की डॅशबोर्ड आहे तसा ठेवा, खाली टीप लिहा. खर्च शून्य. पण टीप कोणी वाचत नाही, आणि पुढच्या वर्षी ती बदलायची कोणी?

दुसरा पर्याय डॅक्समध्ये, म्हणजे पॉवर बीआयच्या सूत्रांच्या भाषेत, एका ओळीत होणारा. 'कॅलेंडर ऑटो' हे फंक्शन मॉडेलमधल्या तारखा चाळून स्वतःच टेबल बनवतं, वर्षअखेर मार्च सांगितली की आर्थिक वर्षही सांभाळतं. मी ते करून पाहिलं. पण ते जन्मतारखाही चाळतं आणि पुढच्याही. नव्या दुचाकीचा त्रयस्थ विमा पाच वर्षांचा, पासिंग पंधरा वर्षांचं. टेबल १९४० च्या दशकात सुरू होऊन २०४० मध्ये संपलं. अण्णांनी वर्षाची यादी उघडली असती तर स्वातंत्र्यपूर्व काळातली विक्री शोधत बसले असते.

तिसरा, पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयचा डेटा आत आणून साफ करणारा भाग) आपणच सुरुवात आणि शेवट ठरवून दिवसांची यादी करणं आणि त्यावर हवे ते स्तंभ चढवणं. चौथा, हेच टेबल डेटाबेसमध्ये ठेवणं. तो सगळ्यात नीट पर्याय, पण इथं डेटाबेस नव्हता. एक सामायिक फोल्डर आणि त्यातल्या फाइली एवढाच संसार. तिसरा घेतला.

खरा वाद सणांवर झाला. त्या तरुणाला तिथी सूत्रानं काढायची होती. उत्साह चांगला होता, पण मी नको म्हटलं. सूर्योदयाची तिथी, प्रदोषकाळ, क्षयतिथी हे सूत्रात बसवायचं, आणि बसवूनही पंचांगकर्त्यांत मतभेद असला तर? वर्षाला मोजून सात-आठ ओळी भरायच्या आहेत. त्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आणि ते वाचणारं माणूस पुरेसं आहे. मॅडमनी ती एक्सेल शीट आपल्याकडे घेतली. या प्रकरणात मी घेतलेला सगळ्यात बरा निर्णय हाच, आणि त्यात तांत्रिक असं काहीच नाही.

टेबल कसं बांधलं

ऑटो डेट-टाइम बंद. पॉवर क्वेरीत १ एप्रिल २०२१ ते ३१ मार्च २०२५ अशा सलग १,४६१ ओळी. एका दिवसाला एक ओळ, मध्ये खंड नाही, दुहेरी नोंद नाही. रविवारी विक्री नसली तरी रविवार हवाच. मग ते टेबल 'डेट टेबल' म्हणून रीतसर घोषित केलं. ही घोषणा करताना पॉवर बीआय तारखा एकमेव आहेत का आणि सलग आहेत का हे तपासतं, म्हणून ती पायरी गाळू नये.

स्तंभ साधेच. आर्थिक वर्ष काढायला महिना चार किंवा पुढचा असेल तर तेच साल, नाहीतर त्याच्या आधीचं. आणि दिसायला '२०२३-२४' असं. आर्थिक महिन्याचा क्रमांक एप्रिलसाठी १, मार्चसाठी १२. महिन्याचं नाव या क्रमांकानं लावून घ्यावं लागतं, नाहीतर ते अक्षरांच्या क्रमानं लागतं आणि ऑगस्ट जूनच्या आधी कुठेतरी जाऊन बसतो.

व्यवहारांच्या बाजूला दोन कामं होती. शोरूमच्या फाइलीतली तारीख कोणत्या मांडणीत आहे हे प्रत्येक फाइलीला स्पष्ट सांगणं, आणि वेळ कापून टाकणं. वितरकाच्या प्रणालीतून '२२ मार्च, दुपारी २:३५' असं येतं. डेट टेबलातला २२ मार्च मध्यरात्रीचा. दिसायला दोन्ही २२ मार्च, पण जोडणी होत नाही.

चार तारखांचं काय? प्रत्येकीसाठी डेट टेबलाची वेगळी प्रत ठेवता येते, पण मग अण्णांसमोर चार वेगवेगळे 'वर्ष निवडा' आले असते. एकच टेबल ठेवलं. चालू नातं, म्हणजे दोन टेबलांमधली जोडणी, बिलाच्या तारखेशी, कारण टॅलीशी तेच जुळतं. डिलिव्हरी आणि बुकिंगशी नाती आहेत पण झोपलेली. त्या त्या मेजरमध्ये (आकडा काढणाऱ्या सूत्रात) 'यूज रिलेशनशिप' लिहून तेवढ्यापुरती जागी करायची.

आणि मग सणांचे दोन स्तंभ: सणाचं नाव, आणि सणापासून किती दिवस. सणाचा दिवस शून्य, आदला दिवस उणे एक, असं उणे नऊपर्यंत; ही सणाची दहा दिवसांची 'खिडकी'. नऊच का? दसऱ्यावरून ठरवलं. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी दसऱ्याच्या नऊ दिवस आधी घटस्थापना होती आणि त्याच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. खिडकी दहा दिवसांपेक्षा मोठी केली की पितृपक्ष आत घुसतो. शोरूमवाल्यांचंही म्हणणं होतं की सणाची गाडी साधारण आठवडाभर आधी बिल होते. पितृपक्ष आणि अधिक मासासाठी हो-नाहीचे वेगळे स्तंभ.

इथं एक बारीक फजिती झाली. मॅडमनी शीटमध्ये 'पाडवा' लिहिलं, दोनदा. चैत्रातला एक आणि कार्तिकातला एक. डॅशबोर्डनं दोन्ही प्रामाणिकपणे एकत्र केले. तेव्हापासून 'गुढीपाडवा' आणि 'दिवाळी पाडवा' अशी पूर्ण नावं.

बेरीज जुळेना

सणाच्या तुलनेसाठी मी प्रत्येक तारखेपुढे 'तुलनेची तारीख' असा स्तंभ केला. सणाच्या खिडकीतला दिवस असेल तर गेल्या वर्षीच्या त्याच सणाचा तोच दिवस. साधा दिवस असेल तर बरोबर ३६४ दिवस मागे, म्हणजे वारही तोच येतो. कल्पनेवर मी खूश होतो. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला: "तुमच्या तक्त्यातलं २०२२-२३ टॅलीतल्या २०२२-२३ शी जुळत नाही."

जुळणार कसं? ३१ मार्च ते ९ एप्रिल २०२४ ही पाडव्याची खिडकी. तिची तुलना १३ ते २२ मार्च २०२३ शी. बरोबर. पण ११ ते २० मार्च २०२४ हे साधे दिवस. ते ३६४ दिवस मागे गेले की येतात १३ ते २२ मार्च २०२३ वरच. म्हणजे गेल्या वर्षीचा पाडवा दोनदा मोजला जात होता आणि २ ते ११ एप्रिल २०२३ हे दिवस कुठेच येत नव्हते. चांद्र आणि सौर वर्ष एका सरळ नकाशात बसवायला गेलं की हे होणारच.

इथं थांबून ठरवावं लागलं. साध्या दिवसांचं फेरवाटप करणारी किचकट युक्ती काढता आली असती; मी एक संध्याकाळ त्यात घालवलीही. पण ती अण्णांना समजावून सांगता आली नसती, आणि जो आकडा समजावता येत नाही तो बैठकीत टिकत नाही. म्हणून दोन तुलना पूर्णपणे वेगळ्या केल्या. 'तारखेप्रमाणे' ही वर्ष, तिमाही, महिना यांसाठी. ती टॅलीशी रुपयापर्यंत जुळते. 'सणाप्रमाणे' ही फक्त सण निवडला तरच दिसते. सण निवडला नसेल तर तिथे रिकामी जागा. ३६४ दिवसांचा स्तंभ काढून टाकला.

परिणाम

जून २०२४ मध्ये पाडव्याची पाडव्याशी तुलना पहिल्यांदा भिंतीवर आली. डिलिव्हरीच्या तारखेनं. सहापैकी चार शोरूम गेल्या पाडव्यापेक्षा थोडे वर. ज्याचा इन्सेंटिव्ह थांबवला होता तो त्या चारांत होता. त्याला पैसे मिळाले, पण दोन महिने उशिरा, आणि अण्णांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली ती वेगळी. खरी घसरण जिल्ह्याच्या गावातल्या एका शोरूममध्ये होती, जिथं कोणी बघतच नव्हतं. मार्चमध्ये तिथं एका संस्थेची घाऊक खरेदी झाली होती, म्हणून महिना बरा दिसला होता.

दसरा-दिवाळीला खरी परीक्षा झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये दसरा ५ ला आणि दिवाळी पाडवा २६ ला, दोन्ही त्याच महिन्यात. ऑक्टोबर २०२३ चे पहिले चौदा दिवस पितृपक्षात, दसरा २४ ला, दिवाळी थेट नोव्हेंबरात. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी २९ ला आणि दिवाळी पाडवा २ नोव्हेंबरला. तीन ऑक्टोबर, तिघांची जात वेगळी. महिन्याच्या तुलनेला कुठलंच स्थान नव्हतं, आणि या वेळी कोणी ती मागितलीही नाही.

त्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाचा प्रश्न आला. आपल्याकडच्या पंचांगांत १ नोव्हेंबर, देशात इतरत्र अनेक ठिकाणी ३१ ऑक्टोबर, आणि कंपनीकडून आलेल्या योजनेच्या पत्रकातही ३१. शीटमध्ये काय लिहायचं? आम्ही लक्ष्मीपूजन काढूनच टाकलं. त्या दिवशी लोक पूजा करतात, गाडी नेतात धनत्रयोदशीला नाहीतर पाडव्याला. दिवाळीची खिडकी पाडव्यावर टांगली आणि वाद मिटला. तिथीचा नाही, आमच्या शीटपुरता.

टेबलाचं सगळ्यात मोठं काम एप्रिल २०२५ मध्ये झालं. २०२४-२५ ची वार्षिक वाढ डोळ्यांत भरण्यासारखी होती आणि अण्णांचा मुलगा त्यावर आणखी चढवून नवी उद्दिष्टं काढत होता. मॅडमनी शीट उघडून दाखवली. त्या वर्षात दोन पाडवे होते: ९ एप्रिल २०२४ आणि ३० मार्च २०२५. मागच्या वर्षात शून्य. शून्याच्या पायावर दोनाची भिंत. आणि २०२५-२६ मध्ये एकच, तोही १९ मार्च २०२६ ला, अगदी वर्ष संपताना. उद्दिष्टं सणांची वेगळी आणि उरलेल्या दिवसांची वेगळी अशी काढली गेली.

१ एप्रिल २०२५

ती बैठक व्हायच्या आधी जे झालं ते माझ्या पदरातलं. एक तारखेला संध्याकाळी अण्णांचा फोन: "काय ओ, परवा दोन-दोन पाडवे दाखवत होता, आज एक पण गाडी नाही?"

टेबल ३१ मार्च २०२५ ला संपत होतं. शेवटची तारीख मी स्वतः, हातानं, आकड्यात लिहिली होती. 'नंतर सूत्र घालू' म्हणून. १ एप्रिलची विक्री आली, तिला डेट टेबलात जागा मिळाली नाही आणि ती 'रिकामं' नावाच्या ओळीत गेली, जी चित्रांत लपवलेली होती. वर्षभरापूर्वी विक्री विभागातल्या त्या तरुणानं त्रुटी लपवल्या म्हणून मी मान हलवली होती. माझी करणी काही वेगळी नव्हती.

आता शेवट आजच्या तारखेवरून निघतो: चालू आर्थिक वर्षाच्या पुढच्या वर्षाचा ३१ मार्च. 'रिकामं' ओळ लपवत नाही. मुद्दाम पहिल्या पानावर एक चौकट आहे, 'तारीख न जुळलेल्या नोंदी', आणि तिथे शून्याशिवाय काही दिसलं की मॅडम त्या शोरूमला फोन करतात. शेजारी दुसरी चौकट: सणांची शीट कुठल्या तारखेपर्यंत भरली आहे. नुसते दिवस पुढे सरकून उपयोग नाही, सण माणसानं भरायचे आहेत.

आज हेच काम आलं तर

पहिल्या दिवशी मी फाइल उघडणार नाही. अण्णा, मॅडम आणि एक शोरूम व्यवस्थापक यांना एकत्र बसवून विचारीन: 'गेल्या वर्षी' म्हणजे कधी? तिघांची तीन उत्तरं येतील आणि ती अर्ध्या पानावर लिहून घेतली की निम्मं मॉडेल तयार. मी हा प्रश्न तिसऱ्या आठवड्यात विचारला, बेरीज बिघडल्यावर.

इन्सेंटिव्हबद्दल मला अजूनही चुटपुट आहे. भविष्यातली विक्री दिसली त्याच दिवशी मी अण्णांना सांगायला हवं होतं की या शोरूमचा आकडा सध्या धरू नका. मी पूर्ण तपास होईपर्यंत थांबलो, नीटनेटका अहवाल द्यायच्या नादात. एका माणसाचा पगार त्यात अडकला होता.

कामाचे दिवस हा स्तंभ मी डेट टेबलात घालून मग काढला. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक गावाची वेगळी, बाजाराच्या वारावर ठरणारी. ती दिवसाची गोष्ट नाही, दिवस आणि शोरूम या जोडीची आहे; तिला स्वतःचं टेबल हवं. ते अजून झालेलं नाही.

शीटमध्ये मॅडमनी पुढची वर्षं भरायला घेतली आहेत. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, त्यामुळे त्यापुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला. म्हणजे २०२६-२७ पुन्हा बिनपाडव्याचं. त्या वर्षासमोर त्यांनी आत्ताच लाल रंगात 'नाही' लिहून ठेवलं आहे.

मागच्या बैठकीत अण्णांनी नवी मागणी काढली. "पाडवा कळला तुमच्या यंत्राला. आता उसाच्या बिलाची तारीख घाला. आमच्या निम्म्या गाड्या त्या आठवड्यात जातात." कायद्यात ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत बिल द्यायचं असतं. तो तरुण लगेच चौदाचं सूत्र लिहायला बसला. मॅडमनी विचारलं, "आणि कारखान्यानं नाही दिलं तर? ती तारीख कोण भरणार?" सगळे अण्णांकडे बघायला लागले. कारखान्यांच्या नावांचा एक तक्ता मी करून ठेवला आहे. तारखेचा स्तंभ रिकामा आहे.